गाळ, बाजू दुसरी

अकरा रेकॉर्डी आल्या त्या एका ट्रंकेतून,
मिरजेच्या मिशन दवाखान्यातली नर्सबाई मायदेशी निघाली तेव्हा.
बाबा तिथं कंपाउंडर.
कुणी तिचा स्टोव्ह नेला, कुणी वेताची खुर्ची.
बाबांना पोचायला उशीर झाला, म्हणून उरलं ते मिळालं.
वाजवायला घरात काही नव्हतं.
सात वर्षं आम्ही नुसती पाकिटं पाहिली:
निळ्या धुरात एक माणूस, गाल फुगलेले, डोळे मिटलेले.
मला वाटायचं, याची दाढ दुखतेय.

पहिलं मशीन पहिल्या बोनसवर.
मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी कारकून.
शेठ लोक रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे,
वर चेहरे मख्ख, खाली सगळा बाजार.
घरी आलो, सुई टेकवली, पियानोवाल्याची बोटं ऐकली.
म्हटलं, हाही रुमालाखालीच बोलतोय,
फक्त सौदा तोडायची याला घाई नाही.

मग लागलं ते लागलंच.
बेळगावच्या भंगारवाल्याकडून तीन,
पुण्याच्या जुन्या बाजारातून चौदा,
कोल्हापुरात एका हॉटेलवाल्यानं कपाखाली घातलेली एक,
पाकिटावर चहाचं गोल वर्तुळ.
बेल्ट बदलला. सुई बदलली.
व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला तेव्हा एस्तेर म्हणाली,
"ऊब तरी देतोय. थंडीत विरजण ठेवीन जवळ."
ठेवलं. दही छान लागलं.

बैठकीचं लाकूड हमजा सतारमेकरनं दिलं,
जुनी तून, सतारीच्या दांड्यांतून उरलेली.
बोटानं टकटक करून कान लावला. म्हणाला,
"हे आधीच गाणं शिकलंय, याला गप बसवायचं अवघड."
मग सॅक्सोफोन ऐकत उंबऱ्यात उभा राहिला, चप्पल हातात.
"ह्यो श्वास कुठं घेतोय?"
एवढंच विचारून शेवटच्या गाडीनं मिरजेला गेला.

एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णा घरात आली,
वारणेला सोबत घेऊन.
परतलो तर दोनशे सहा पाकिटांचा एकच लगदा,
धूर, गाल, चहाचं वर्तुळ, सगळं एकजीव.
रेकॉर्डी काळ्या त्या काळ्या.
एस्तेरनं एकेक धुतली, जुन्या मलमलीनं,
आईचा चष्मा पुसावा तशी,
आणि ताटाळ्यात उभ्या केल्या वाळायला.

आमच्या हरिपुरात हळदीचं पेव उघडलं की
लगेच कुणी उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचे खाली. विझला तर थांबायचे.
मी तसाच थांबलो, तीन महिने.
मग भिशीच्या पैशातून नवी सुई.
किंमत एस्तेरला निम्मी सांगितली.
पावती तिनं आधीच पाहिली होती.

नवी सुई म्हणजे काय सांगू.
क्लबात कुणाचा तरी चमचा बशीवर पडतो,
ड्रमवाल्याची खुर्ची कुरकुरते,
एक बाई हसते आणि मधेच थांबते.
तीस वर्षं ही बाई माझ्या घरात होती, मला पत्ता नाही.
आणि दुसऱ्या बाजूवर, दर फेऱ्याला,
टिक्.
मिनिटाला तेहतीस वेळा.
जुन्या सुईखाली नुसती खरखर होती,
आता खाचेतला कण न् कण वेगळा.
जितका खर्च करावा तितकी नदी स्वच्छ ऐकू येते.

हमजानं ब्रश पाठवलाय, घोड्याच्या केसांचा.
फडताळात आहे.

परवा रात्री एस्तेर घेवडा मोडत बसली होती.
लक्ष गेलं तर शेंगा ट्रंपेटवर मोडत नव्हत्या,
टिक्-वर मोडत होत्या,
बरोब्बर, एकही न चुकता.
तिला काही बोललो नाही.
बाजू संपली. सुई उचलली,
आणि परत तीच बाजू लावली.